वकिलाची हयगय आणि अशिलाचा दावा
(नभोवाणीवरील भाषण)

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण महाराष्ट्रांत घरोघरीं ऐकूं येते. म्हण जुनी आहे आणि अनुभवाची आहे. परंतु पायरी चढावी कीं न चढावी हें शहाण्याच्या हातांत असतें, असें तींत गृहीत धरलेलें आहे. आणि पनवेल तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बाबतींत तें तसें नव्हतें. फेब्रुवारी १९७० मध्यें नव्या मुंबईसाठीं जमिनी संपादन करण्याची अधिसूचना निघाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील पंचाण्णव गांवें त्या योजनेच्या कक्षेंत आलीं. भातखाचरें, मिठागरें आणि खाडीकांठचीं शेतें एकदम सरकारी नकाशांत जाऊन बसलीं. ज्यांच्या मागच्या पिढ्यांनीं मामलेदाराच्या कचेरीपलीकडे सरकार म्हणून कांहीं पाहिलें नव्हतें, त्यांना निवाडा, हरकत, संदर्भ, अपील हे शब्द शिकावे लागले. ते पायरीकडे गेले नाहींत. पायरीच त्यांच्या दारीं आली.

त्या लढ्याचा मोठा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याचे पुढारी दि. बा. पाटील हे स्वतः वकील. जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच माणसें बळी पडलीं, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या साऱ्या उलाढालींतून उभें राहिलेलें शहर आणि २०२५ सालीं उद्घाटन झालेला विमानतळ आज सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. प्रस्तुत विषय मात्र त्या मोठ्या इतिहासाचा नव्हे. तो एका तारखेचा आहे.

निवाड्यांतील रक्कम ज्याला कमी वाटे त्याच्यासाठीं १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें एक वाट ठेविली होती. अठराव्या कलमाप्रमाणें त्यानें जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा आणि जिल्हाधिकाऱ्यानें तें प्रकरण न्यायालयाकडे पाठवावयाचें. निवाड्याच्या वेळीं खातेदार हजर असला तर मुदत सहा आठवड्यांची. हजर नसला तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकीं जी आधीं संपेल ती.

आतां एक खातेदार कल्पावा. हा कोणी विशिष्ट माणूस नव्हे, केवळ समजुतीसाठीं उभा केलेला आहे. निवाडा झाला त्या दिवशीं तो हजर होता. आठ दिवसांच्या आंत तो पनवेलला आला, वकीलपत्रावर अंगठा उठविला, सात-बाराचा उतारा, फेरफार, निवाड्याची नक्कल हीं सारीं कागदपत्रें पिशवींतून काढून दिलीं, फीचे पैसे मोजले आणि निश्चिंत मनानें आवणीच्या कामाला परत गेला. कागद कपाटांत राहिले. अर्ज गेला तो आठव्या आठवड्यांत, आणि मुदतबाह्य म्हणून नाकारला गेला. विलंब माफ करण्याची सोय मुदतीच्या कायद्यांत आहे खरी. परंतु ती न्यायालयांपुरती आहे, आणि अठराव्या कलमाखालीं काम करणारा जिल्हाधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं शहा मणिलाल चंदुलाल यांच्या प्रकरणांत सांगितलें. २०१३ च्या नव्या कायद्यानें ही कडक तरतूद सैल केली. सबळ कारण दाखविल्यास आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेतां येतो. जुन्या कायद्याखालीं ज्याचे सहा आठवडे हुकले, त्याला मात्र ही सवलत नव्हती. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याच्या जमिनीला पुढें न्यायालयानें दुप्पट दर दिला, तरी याच्या हातीं पूर्वीचीच रक्कम.

ही भरपाई त्यानें कोणाकडे मागावी?

या प्रश्नाचें उत्तर फार वर्षें धूसर होतें, आणि त्या धूसरपणाचें मूळ विलायतेंत आहे. इंग्लंडांत वकिलीच्या धंद्याचे दोन वर्ग. सॉलिसिटर अशिलास भेटतो, कागद तयार करतो, दावा दाखल करतो. बॅरिस्टर न्यायालयांत उभा राहून बोलतो. सॉलिसिटर पैशासंबंधानें करार करतो, म्हणून चुकीबद्दलही तो पूर्वीपासून जबाबदार धरला गेला. बॅरिस्टरची फी हें मात्र मानधन. तो फीसाठीं दावा करूं शकत नसे, आणि त्याच्यावर हयगयीचा दावा चालत नसे. मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेंत हीच दुहेरी पद्धत इंग्रजांबरोबर आली आणि १९७६ च्या दुरुस्तीनें ती बंद होईपर्यंत टिकली. फोर्टांतल्या सॉलिसिटरांच्या पेढ्या त्यानंतरही राहिल्या, सॉलिसिटरची परीक्षाही राहिली. परंतु कायद्याच्या दृष्टीनें आतां सारे एकाच वर्गाचे. पनवेल, अलिबाग, महाड अशा ठिकाणीं तर हा भेद व्यवहारांत नव्हताच. तेथें अर्ज लिहिणारा, मुदत सांभाळणारा आणि न्यायाधीशापुढें उभा राहणारा वकील एकच.

१९२६ सालच्या एकविसाव्या कायद्यानें हा घोळ हिंदुस्थानापुरता मिटविला. वकिलांच्या फीसंबंधींचा हा कायदा अवघ्या पांच कलमांचा आहे. वकिलानें अशिलाशीं फीचा करार करावा आणि ठरलेल्या फीसाठीं खुशाल दावा लावावा, हा अधिकार त्यांत दिला. परंतु जो देतो तो घेतोही. पांचव्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, ज्यानें कोणाचें काम केलें किंवा करण्याचें पत्करलें, त्याला आपण वकील आहों एवढ्याच कारणास्तव हयगयीच्या दाव्यांतून सुटतां येणार नाहीं. पुढें १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें कर्नाटकांतील एक प्रकरण आलें. वकिलाच्या हयगयीबद्दल दावा लावणारा अशीलच मध्यंतरीं मरण पावला होता, आणि त्याच्या वारसांना तो दावा पुढें चालवितां येईल काय, हा प्रश्न होता. वकील अशा दाव्यापासून मुक्त असतो हा समज या कायद्यापुढें टिकत नाहीं, असें त्या निकालांत सांगितलें गेलें. वारसांबद्दलचें उत्तर असें कीं, दावा जर केवळ मानहानीसारख्या वैयक्तिक दुःखाचा असेल तर तो माणसाबरोबर जातो; इस्टेटीला लागलेल्या तोशिसीचा असेल तर तो वारसांकडे जिवंत राहतो.

म्हणजे पुस्तकांतला कायदा शंभर वर्षें सरळ आहे. तरीही वकिलावर हयगयीचा दावा लावून भरपाई मिळविलेला माणूस क्वचितच भेटतो. असे दावे हरतात म्हणण्यापेक्षां ते चालूं लागत नाहींत, असें म्हणणें अधिक खरें होईल. साक्षीपुराव्यापर्यंत जाण्यापूर्वींच ते उंबरठ्यावर अडतात.

या उंबरठ्याला दिवाणी प्रक्रिया संहितेंत एक नियम आहे: सातव्या आदेशाचा अकरावा. वादपत्रावरून दाव्याचें कारणच दिसत नसेल, दाव्याचें मूल्यांकन किंवा स्टॅम्प कमी असून तो मुदतींत भरला नसेल, किंवा दावा कायद्यानेंच वर्ज्य आहे असें वादपत्रांतील मजकुरावरून दिसत असेल, तर न्यायालयानें वादपत्र नामंजूर करावें. नियम चांगला आहे. निरर्थक भांडणांत न्यायालयाचा वेळ जाऊं नये आणि निरपराध प्रतिवादीला वर्षानुवर्षें तारखा मोजाव्या लागूं नयेत, हा त्याचा हेतु. शब्दांच्या कसरतीनें नसलेलें कारण असल्यासारखें भासविलें तर तें पहिल्याच सुनावणींत चिरडून टाका, असें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं १९७७ सालीं मुन्सफांना बजावलें होतें. परंतु या नियमाला एक मर्यादा आहे आणि ती वकिलांच्या दाव्यांत वारंवार विसरली जाण्याचा संभव असतो. न्यायाधीशानें येथें केवळ वादपत्र आणि त्यासोबतचे कागद पाहावयाचे. त्यांतील हकीकत तूर्त खरी धरावयाची. प्रतिवादीचा बचाव कितीही पटण्यासारखा असला तरी तो या टप्प्यावर वाचावयाचा नाहीं. २०२० सालीं दहिबेन यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हीच कसोटी पुन्हां विस्तारानें मांडली. वकिलानें खरोखर हयगय केली कीं त्यानें समजून उमजून एक धोरण स्वीकारलें आणि तें फसलें, हा प्रश्न पुराव्याचा आहे. त्याचें उत्तर उंबरठ्यावर देतां येत नाहीं.

तथापि दोष केवळ न्यायालयांचा नाहीं. वादपत्र लिहिणाऱ्यांचाही आहे. ‘प्रतिवादी वकिलानें काम नीट न चालविल्यामुळें वादीचा पराभव झाला’ एवढ्या एका वाक्यावर हजारों रुपयांची मागणी उभी केली तर ती पडणारच. कोणतें काम पत्करलें, कोणत्या तारखेस पत्करलें, कोणती गोष्ट करावयास हवी होती आणि केली नाहीं, आणि त्या एका गोष्टीमुळें किती रुपये बुडाले, ही सांखळी वादपत्रांत कडीला कडी जोडून दिसली पाहिजे. वकील हा विजयाची हमी देत नाहीं. डॉक्टरही रोगी बरा होईलच असें लिहून देत नाहीं. ज्ञान आणि सर्वसाधारण काळजी एवढेंच तो देऊं करतो, हें तत्त्व २००५ सालच्या जेकब मॅथ्यू यांच्या निकालांत वकिलांचेंच उदाहरण घेऊन सांगितलेलें आहे. उलटतपासणींत एखादा प्रश्न विचारावा कीं न विचारावा याबद्दल दोन चांगल्या वकिलांत मतभेद होईल. सहा आठवड्यांचे आठ आठवडे व्हावेत कीं नाहीं याबद्दल होणार नाहीं. आपल्या कल्पित खातेदाराचा दावा म्हणूनच बळकट आहे.

मुदतीचा प्रश्न अधिक अवघड. हयगयीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, आणि मालकानें आपल्या मुखत्यारावर लावावयाच्या दाव्यांत ही तीन वर्षें हयगय कळल्या दिवसापासून मोजतात. आतां शेतकऱ्याला ती कळते केव्हां? ‘अर्ज गेला आहे, तारीख लागली कीं कळवूं’ हें वाक्य पनवेलच्याच काय, कोणत्याही गांवच्या कोर्टाच्या ओट्यावर ऐकूं येण्यासारखें आहे. त्या वाक्यावर विसंबून चार वर्षें गेलेला माणूस नकाराची प्रत हातीं पडल्यावर जागा होतो. वादपत्रांत त्यानें केवळ जुनी तारीख लिहिली आणि कळल्याचा दिवस लिहिला नाहीं, तर त्याचा दावा त्याच्याच अक्षरांवरून मुदतबाह्य दिसेल व उंबरठ्यावर जाईल. एका मुदतींत बुडालेला माणूस दुसऱ्या मुदतींत बुडतो, यापरता दुर्दैवविलास तो कोणता?

वकीलवर्गाची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक दाव्यांत एक पक्ष हरतो, आणि हरलेल्याला दोष द्यावयास वकिलासारखें जवळचें माणूस दुसरें नसतें. अशा प्रत्येक रागावर खटला उभा राहिला तर वकील अशिलाच्या हिताऐवजीं स्वतःच्या बचावासाठीं कागद रंगवील, निरर्थक साक्षीदार बोलावील आणि न्यायालयाशीं असलेलें कर्तव्य विसरेल. जुना दावा नव्या नांवानें दुसऱ्यांदा चालविला जाईल ही भीतिही खोटी नाहीं. या कारणांस्तवच इंग्लंडांत १९६७ सालीं राँडेल नांवाच्या शिक्षा झालेल्या इसमानें आपल्या बॅरिस्टरवर लावलेला दावा मुळांतच काढून टाकला गेला आणि लॉर्डांच्या सभेनें तो निर्णय कायम केला. निर्भयपणासाठीं संरक्षण हवें, हें त्यांतलें प्रमुख सूत्र. पनवेलपासून कांहीं मैलांवर शिरढोण आहे. तेथें जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांवर १८७९ सालीं पुण्यांत खटला झाला, तेव्हां सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बाजूनें उभे राहिले. तें वकीलपत्र घेतांना आपल्याला दाव्यापासून संरक्षण आहे कीं नाहीं याचा हिशेब काकांनीं केला असेल, असें कोणासही वाटणार नाहीं.

इंग्लंडनेंही पुढें आपलें मत बदललें, आणि तें बदललें सॉलिसिटरांवरील तीन प्रकरणांवरून. एकांत बांधकामाचा वाद होता, दोहोंत विभक्त झालेल्या पतिपत्नींच्या पैशाचा. तिन्ही ठिकाणीं मूळ भांडण तडजोडीनें मिटलें होतें, आणि सॉलिसिटरांनीं आपल्याला वाईट तडजोड करावयास लाविलें असा अशिलांचा आक्षेप होता. बॅरिस्टरांचें जुनें कवच न्यायालयीन कामापुरतें सॉलिसिटरांनाही लागूं होतें असें समजून खालच्या न्यायाधीशांनीं तिन्ही मागण्या पुराव्याविना फेटाळल्या. अपील न्यायालयानें १९९८ सालीं त्या पुन्हां जिवंत केल्या. २० जुलै २००० रोजीं सात लॉर्डांनीं निकाल दिला कीं दिवाणी कामांत हें कवच यापुढें नाहीं. फौजदारी कामाबद्दल मात्र चौघे एका बाजूला आणि तिघे दुसऱ्या बाजूला गेले. डॉक्टर, शिल्पज्ञ, हिशेबतपासनीस या साऱ्यांना चुकीबद्दल जाब द्यावा लागतो, मग वकिलालाच का नको, याला समाधानकारक उत्तर सांपडलें नाहीं. कानडांत हें कवच मानलें जात नव्हतें आणि तेथें आभाळ कोसळलें नव्हतें. निरर्थक दावे थोपविण्यास न्यायालयाचे नेहमींचे अधिकार पुरेसे आहेत, असेंही सांगितलें गेलें. ऑस्ट्रेलियानें मात्र २००५ सालीं जुनेंच मत उचलून धरलें. सर्व सुज्ञांचें एकमत होतें ही समजूत अशा वेळीं सोडून द्यावी लागते.

या इंग्रजी गोष्टींतली एक बारीक खूण येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या दाव्याला यशाची खरीखुरी आशा नाहीं तो पुराव्यापूर्वीं काढून टाकण्याचा अधिकार तेथील न्यायाधीशाला आहे. म्हणजे तो थोडें पुढें डोकावून पाहूं शकतो. भारतांत असा अधिकार २०१५ च्या कायद्यानें केवळ व्यापारी वादांपुरता आला. सामान्य दिवाणी दाव्यांत सातव्या आदेशाची खिडकी अरुंद आहे, आणि ती अरुंद राहण्यांतच दुबळ्या पक्षकाराचें हित आहे.

अशा माणसाला दुसरीं दारें नाहींत काय? एक आहे बार कौन्सिलचें. १९६१ च्या कायद्याच्या पस्तिसाव्या कलमाखालीं शिस्तपालन समिति वकिलाला ताकीद देऊं शकते, कांहीं काळ बंदी घालूं शकते, यादींतून नांवही काढूं शकते. परंतु अशिलाच्या पदरांत बुडालेला पैसा टाकणें हें तिचें काम नव्हे. शिवाय नुसती हयगय, जींत अप्रामाणिकपणा नाहीं, ती व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाहीं असा १९९७ चा निकाल आहे. दुसरें दार ग्राहक न्यायालयाचें. दिल्लींतील एका गृहस्थाचा वीस हजार रुपयांचा धनादेश वटला नाहीं. वकिलामार्फत तक्रार झाली, समोरच्यानें पैसे देऊं केले, आणि ते पैसे वकिलानें अडकवून ठेविले असें या गृहस्थाचें म्हणणें. तो ग्राहक मंचाकडे गेला. राष्ट्रीय आयोगानें २००७ सालीं सांगितलें कीं वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखालीं येते. सतरा वर्षांनीं, १४ मे २०२४ रोजीं, न्यायमूर्ति बेला त्रिवेदी व न्यायमूर्ति पंकज मित्तल यांनीं हें मत खोडून काढलें. वकील अशिलाच्या हुकुमांत राहून काम करतो, म्हणून तो वैयक्तिक सेवेचा करार होय, आणि असा करार ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, ही त्यांची विचारसरणी. डॉक्टर १९९५ पासून त्या कायद्याखालीं आहेत, वकील नाहींत. या भेदाचें समर्थन कायदेपंडितांस पटो वा न पटो, त्याचा परिणाम निर्विवाद आहे. वकिलावर कोणताच दावा चालत नाहीं असें त्या निकालाचें म्हणणें नाहीं, सामान्य दिवाणी न्यायालयाची वाट मोकळीच आहे. परंतु आतां ती एकच वाट उरली आहे. जें दार एकुलतें एक आहे, तें आंत न पाहतां बंद करतांना हात अधिक जड झाला पाहिजे.

तिसरा मार्ग वकिलावर दावा लावण्याचा नव्हेच. तो मूळ प्रकरण उठवून उभें करण्याचा. वकिलाच्या गैरहजेरीमुळें अपील निकालांत निघालें तर अशिलानें त्याची शिक्षा कां भोगावी, असें रफीक यांच्या प्रकरणांत १९८१ सालीं न्यायमूर्ति देसाई यांनीं विचारलें. खेड्यांतल्या माणसानें वकील नेमला, फी दिली, आणि वकील त्या दिवशीं हजर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें रोज न्यायालयांत येऊन बसावें काय? अपील पुन्हां फायलीवर आलें आणि दोनशें रुपये खर्च त्या गैरहजर वकिलाकडून वसूल करण्याचा हुकूम झाला. रक्कम लहान, पण खर्च कोणाच्या खिशांतून जावा हें त्यांत ठरलें. मात्र १९९३ च्या सलिल दत्त यांच्या निकालांत असेंही बजावलें आहे कीं, सुशिक्षित पक्षकारानें प्रत्येक चूक वकिलाच्या माथीं मारून मोकळें होऊं नये. काढून टाकलेला दावा किंवा एकतर्फी हुकूमनामा फिरविण्याच्या अर्जास मुदत तीस दिवसांची आहे, एवढें तरी प्रत्येक गृहस्थास माहीत असावें.

शहरांतील श्रोत्यांस वाटेल कीं हा शेतकऱ्यांचा विषय आहे. तसें नाहीं. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली, आणि जेथें खाचरें होतीं तेथें आतां सदनिका आहेत. सदनिका घेतांना, बँकेचें कर्ज काढतांना, मालकीहक्काचा शोध वकीलच घेतो. त्यानें दुय्यम निबंधकाच्या कचेरींतले जुने दस्त न चाळतांच ‘हक्क निर्वेध’ म्हणून सही केली आणि मागाहून गहाणखत निघालें, तर? सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बँकेच्या एका पॅनेल वकिलावरचा फौजदारी खटला रद्द केला. कटांत सामील असल्याचा पुरावा नसतां केवळ चुकीच्या अभिप्रायावरून त्याला गुन्हेगार ठरवितां येत नाहीं, हें योग्यच झालें. परंतु गुन्हा नाहीं म्हणजे जबाबदारी नाहीं असें नव्हे. हयगयीची किंमत दिवाणी न्यायालयांत मोजावयाची असते.

ती कशी मोजावी? येथें एक जुना इंग्रजी निवाडा उपयोगी पडतो. एका विधवेचा पति १९४५ सालीं घरांत विजेचा धक्का बसून मरण पावला. वीजकंपनीवर दावा लावण्याची मुदत बारा महिन्यांची. सॉलिसिटरांनीं ती जाऊं दिली. तो मूळ दावा ती जिंकली असती कीं नाहीं हें कोणी सांगावें? १९५८ सालीं अपील न्यायालयानें म्हटलें कीं तिची एक संधि गेली, आणि त्या संधीला किंमत आहे. पूर्ण यश मिळतें तर तीन हजार पौंड. संधीची किंमत दोन हजार ठरली. खटल्याच्या पोटांत दुसरा खटला चालवून पाहावयाचा, असा हा प्रकार. भूसंपादनांत तो कितीतरी सोपा आहे, कारण शेजारच्या सर्व्हे नंबरला न्यायालयानें काय दिलें याचा निवाडा तयार असतो. वजाबाकी करावी आणि धोक्याचा कांहीं हिस्सा सोडून द्यावा.

राहतां राहिली एक व्यावहारिक अडचण. लहान गांवच्या वकीलमंडळांत सकाळीं ज्याच्या बांकावर बसावयाचें त्याच्यावर दुपारीं दावा लावावयास कोण तयार होतो? कायदा कोणास मना करीत नाहीं, भीड करते. अशा वेळीं अलिबागचा किंवा ठाण्याचा वकील पाहावा, आणि अवश्य तर दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्यासाठीं जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करावा. वादपत्र नामंजूर झालें तरी तो हुकूमनामाच समजला जातो व त्यावर अपील चालतें. आणि मुदत शिल्लक असेल तर त्याच कारणावर सुधारलेलें नवें वादपत्र देण्यास संहितेचा तेरावा नियम आडवा येत नाहीं. हें माहीत नसल्यामुळें पुष्कळ लोक पहिल्याच नकारानंतर घरीं जाऊन बसतात.

आणि तो कल्पित खातेदार? त्याच्यासाठीं कायद्याच्या एका कोपऱ्यांत आणखी एक दिवा आहे. १९८४ सालीं जुन्या कायद्यांत अठ्ठाविसाव्या कलमाला ‘अ’ जोडलें गेलें. एकाच अधिसूचनेखालीं गेलेल्या जमिनींपैकीं कोणा एकाला न्यायालयानें वाढीव दर दिला, तर ज्यांनीं अठराव्या कलमाखालीं अर्जच केला नव्हता त्यांनाही तोच दर मागतां येतो. परंतु आपल्या खातेदारानें अर्ज केला होता, उशिरां केला होता. त्याचें काय? हंसोली देवी यांच्या प्रकरणांत २००२ सालीं घटनापीठानें उत्तर दिलें कीं, मुदतबाह्य म्हणून फेटाळलेला अर्ज हा न केल्यासारखाच समजावा. वकिलाच्या हयगयीनें बंद झालेलें दार शेजाऱ्याच्या निवाड्यानें असें पुन्हां किलकिलें होतें. २०१३ च्या कायद्याच्या त्र्याहत्तराव्या कलमांतही तशीच तरतूद आहे. त्यानें हा मार्ग धरला तर वकिलाकडून मागावयाची रक्कम तेवढी कमी होईल. परंतु हयगयीच्या दाव्याचीं तीन वर्षें मध्यंतरीं चालूंच असतात, म्हणून एकाची वाट पाहत दुसरें सोडून चालत नाहीं.

या नव्या अर्जाची मुदत न्यायालयाच्या निवाड्याच्या तारखेपासून तीन महिने. निवाडा झाला तो दिवस आणि नक्कल मिळविण्यास लागलेले दिवस त्यांतून वजा होतात. तेव्हां शेजाऱ्याचा निकाल लागल्याचें कानीं येतांच त्यानें नकलेच्या अर्जाची पोंच मागून घ्यावी, तीवर तारखेचा शिक्का स्पष्ट उठला आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि या खेपेस ती पोंच कोणाच्या कपाटांत न ठेवतां आपल्या घरच्या पेटींत ठेवावी.